प्रभात रोडवरचा बरोक म्युझिकचा कोर्स : सर चांगले, स्पीकर भंगार

बरेच दिवस लिहायचं राहिलं होतं, आता पुढच्या बॅचची जाहिरात फिरायला लागलीये म्हणून लिहूनच टाकते, कोणाला उपयोग झाला तर झाला.

प्रभात रोडच्या एका गल्लीत जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे, तिथे हा कोर्स झाला. सहा रविवार, सकाळी दहा ते साडेबारा, माणशी साडेतीन हजार. विषय युरोपातलं बरोक संगीत, म्हणजे साधारण १६०० ते १७५० हा काळ, त्यातले संगीतकार, प्रकार, आणि ऑपेरा, म्हणजे गाऊन केलेलं नाटक, कसा सुरू झाला ते. नाव मुद्दाम देत नाहीये कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि शिकवणारे सर मनापासून चांगले आहेत, आयोजकांच्या कारभारापायी त्यांना उगाच त्रास नको.

मी आईला घेऊन गेले होते. आई अडुसष्टची, नाट्यसंगीतावर वाढलेली, सवाईला स्वतःची उशी आणि थर्मास घेऊन बसणाऱ्यांपैकी. वेस्टर्न म्हटलं की तिच्या डोक्यात चर्चमधलं गाणं नाहीतर गिटार. मी पण काही फार वेगळी नव्हते, विवाल्डी हा संगीतकार लिफ्टमध्ये आणि फोन होल्डवर ठेवला की ऐकलेला तेवढाच. बॅचमध्ये चौदा जण होतो, दोन कॉलेजच्या मुली, एक डॉक्टर, बरेचसे रिटायर्ड लोक आणि एक तबलावाले काका, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आता पहिला रविवार. सर म्हणाले, आज मेलडी विसरा, आज फक्त सगळ्यात खालचा सूर ऐका, बरोकचं सगळं घर त्या पायावर उभंय. त्याला बासो कंटिन्युओ म्हणतात. लिहिताना खालची बेसची ओळ लिहायची आणि सुरांना जोडून ६, ७, ४ असे आकडे टाकायचे, हार्पसिकॉर्डवाला (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) ते आकडे बघून वरचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, आपल्या मनाने भरणार, आणि सोबत चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, किंवा तशाच जातीचं एखादं वाद्य तीच खालची ओळ धरून ठेवणार. म्हणजे कागदावर निम्मंच लिहिलेलं असतं, बाकी वाजवणाऱ्याच्या तयारीवर. हे मला फार आवडलं कारण वेस्टर्नमध्ये सगळं लिहिलेलंच वाजवतात असं आपण कायम ऐकत आलोय. सरांनी मग रेकॉर्डिंग लावलं, आणि लावलं कशावर तर पाण्याच्या बाटलीएवढ्या एका ब्लूटूथ स्पीकरवर. बेस शून्य. अक्षरशः शून्य. सर डोळे मिटून हाताने खालची ओळ दाखवतायत आणि आम्हाला वरून नुसतं किणकिण ऐकू येतंय. पायाच ऐकू येत नाही तिथे घर कसलं बघायचं! चहाच्या वेळी काकांनी आयोजकांना विचारलं तर उत्तर काय, हॉल छोटाय ना, पुरतो तेवढा. आवाज पुरतो हो, पण बेस कुठाय?

दुसऱ्या रविवारी काका रिक्षातून स्वतःच्या घरचे स्पीकर घेऊन आले. दोन लाकडी खोके, जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि वायरींचं गाठोडं, दोन जिने चढवायला त्या कॉलेजच्या मुलींनी मदत केली. कोर्स खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला आणि हे मी कौतुकाने नाही, तक्रार म्हणून लिहितेय.

तो रविवार ऑपेराचा होता आणि आमच्यासाठी, विशेषतः आईसाठी, सगळ्यात भारी. सोळाव्या शतकाच्या शेवटी फ्लॉरेन्समध्ये जोव्हान्नी दे बार्दी नावाच्या एका सरदाराच्या घरी विद्वान, कवी, गवई जमायचे. त्यांची तक्रार अशी की त्या काळच्या गाण्यात चार-पाच आवाज एकात एक इतके गुंतवतात की शब्दच कळत नाहीत. त्यांच्यात व्हिन्चेन्झो गॅलिली म्हणून होता, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायचा, शास्त्रज्ञ गॅलिलिओचा बाप, त्याने १५८१ मध्ये ह्यावर पुस्तकच छापलं. ग्रीक लोक नाटकं गाऊन करायचे अशी ह्या मंडळींची समजूत, म्हणून त्यांनी ठरवलं की गाणारा एकच, खाली साधी साथ, आणि शब्दाला मान. आई एकदम जागी झाली, म्हणाली, "अगं हे तर आपल्याकडचंच भांडण, तानबाजी करू नका शब्द ऐकू द्या." मग सरांनी याकोपो पेरीच्या एउरिदिचेतला एक तुकडा लावला, १६०० सालचा, संगीत पूर्ण हातात असलेला सगळ्यात जुना ऑपेरा हाच, मेदिची घराण्यातल्या मारियाचं फ्रान्सच्या राजाशी लग्न लागलं त्या समारंभात झालेला. ह्याच्या आधीचा पेरीचा दाफ्ने आहे पण त्याचं बरंचसं संगीत हरवलं.

तर तो तुकडा म्हणजे धड गाणं नाही आणि धड बोलणं नाही, ह्याला रेसिटेटिव्ह म्हणतात. मला पहिली दोन मिनिटं कंटाळाच आला खरं तर. पण आई म्हणाली, "हे कीर्तनकार बुवा आख्यान सांगतात ना तसं चाललंय, बोलता बोलता सुरात शिरायचं, पेटीवाला खाली एक सूर धरून बसणार." आणि खरंच, एकदा ते कानात बसलं की मग रेसिटेटिव्ह कधी जड गेलं नाही. सरांना हे इतकं आवडलं की पुढचे चारही रविवार ते कीर्तनाचं उदाहरण स्वतःचंच असल्यासारखं देत होते. असो.

त्यानंतर मॉन्टेव्हेर्दीचा ऑर्फेओ, १६०७, मांतुआच्या दरबारातला. सुरुवातीला तुतारीसारख्या वाद्यांचा गजर तीनदा आणि मग पडदा उघडल्यावर गोष्ट सुरू न होता साक्षात 'संगीत' हेच पात्र बनून येतं, प्रेक्षकांना नमस्कार चमत्कार करतं आणि आज काय बघणार ते सांगतं. आई म्हणाली, "सूत्रधार!" सगळे हसले. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल रंगमंचावर आलं ते १८८० मध्ये, तेव्हा इकडून तिकडे काही गेलं-आलं असं मला म्हणायचं नाहीये, सरांनी पण ते स्पष्ट सांगितलं, पण नाटक गायचं म्हटलं की सुरुवातीला कोणीतरी पुढे येऊन चार शब्द बोलावे लागतात एवढं दोन्हीकडे कळलेलं होतं. आणि दरबारातून ऑपेरा बाहेर पडला तो १६३७ मध्ये, व्हेनिसच्या सान कास्सियानो थिएटरात, तिथे पहिल्यांदा पैसे भरून कोणालाही बघता येऊ लागला. तिकीटबारी आली की नाटकाचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको, गाणाऱ्यांचे भाव वाढले, लोक स्टार बघायला यायला लागले, आणि शब्दाला मान देण्यासाठी सुरू झालेला प्रकार शंभर वर्षांत तानांच्या आतषबाजीवर आला. दा कापो आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याचं गाणं, ते हेच, पहिला भाग, मग वेगळा दुसरा भाग, मग परत पहिला, आणि परत म्हणताना गाणाऱ्याने आपली सगळी करामत दाखवायची.

त्यातले मोठे स्टार म्हणजे कास्त्राती, लहानपणीच शस्त्रक्रिया केलेले गायक, म्हणजे आवाज फुटायचाच नाही. एक जण पटकन म्हणाले, आपले बालगंधर्व! आईने त्यांना असं बघितलं की ते पुढचा अर्धा तास गप्प होते. आणि आईचं बरोबरच होतं, बालगंधर्व पुरुषाच्या आवाजातच स्त्रीभूमिका गायचे, ह्या मुलांच्या शरीराचं जे केलं त्याच्याशी त्याचा काय संबंध. सरांनी आलेस्सांद्रो मोरेस्कीचं १९०० नंतरच्या दोन-तीन वर्षांतलं खरखरतं रेकॉर्डिंग लावलं, रेकॉर्ड निघालेला हा एकटाच सोलो कास्त्रातो. आई म्हणाली बंद करा. बंद केलं.

तिसऱ्या रविवारची पाच मिनिटं अशी होती की त्यासाठी मी अर्धी फी माफ करायला तयार आहे. हेन्री पर्सेलचा डायडो अँड एनियस, इंग्लिश ऑपेरा, १६८९ च्या आसपास चेल्सीतल्या मुलींच्या एका शाळेत झालेला. शेवटी राणी डायडो मरायच्या आधी गाते. सर म्हणाले आधी नुसता बेस ऐका, आणि काकांच्या त्या खोक्यांतून पहिल्यांदा तो बेस पोटात ऐकू आला. उतरत जातो, आपल्या भाषेत सांगायचं तर सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, पंचम, एकेक पायरी, आणि मग वळसा घेऊन परत सा. काका पुटपुटले, दोन्ही नी दोन्ही ध पाठोपाठ, कुठल्या रागात बसवणार हे. मग ते मांडीवर टाळी देऊन मोजायला लागले. तीन-तीनचे पाच, पंधरा मात्रा झाल्या. "पंचम सवारी!" म्हणजे आपल्याकडचा पंधरा मात्रांचा ताल. मग लगेच स्वतःच, "नाही नाही, तिचे खंड वेगळे, ही सरळ तीन-तीनची आहे." बेस परत, परत तोच, तबल्यामागे फिरत राहणाऱ्या लेहऱ्याच्या धुनेसारखा, एकूण अकरा वेळा, आणि वर बाई गातीये. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं की आवर्तन संपलं की ती समेवर येणार. ती येत नाही! बेस समेवर येतो तेव्हा हिचं वाक्य अर्धवट असतं, कधी बेस संपायच्या आत हिने पुढची ओळ उचललेली असते. काकांची टाळी दर वेळी रिकाम्या जागी पडत होती आणि ते मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "मरायला निघालेली बाई समेवर कशाला येईल." हॉलमध्ये कोणी बोललं नाही. खाली कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती तो टींटीं आवाज तेवढा येत होता.

चौथ्या रविवारी वाद्यं. हार्पसिकॉर्ड खरं नव्हतंच, डिजिटल कीबोर्डवर तो टोन लावून दाखवला. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. आईने विचारलं, बिघडलाय का? तर नाही, खऱ्या वाद्यात पण तसंच, पट्टी दाबली की आत पिसाचं छोटं टोक तार छेडतं, सतारीच्या नखीसारखं, त्यामुळे लहानमोठा आवाज बोटाने काढताच येत नाही. तो काढता यावा म्हणून क्रिस्तोफोरीने फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या सुमारास हातोड्यांचं वाद्य केलं, तोच पुढे पियानो. आणखी एक गंमत, आजचे बरेच बरोकवाले वाद्यं साधारण अर्ध्या सुराने उतरवून लावतात, पांढरी सहाची कंपनं सेकंदाला ४४० ऐवजी ४१५, म्हणजे पांढरी सहा म्हणून वाजवलेली आपल्या पेटीवर काळी चार निघते. आमच्यातल्या पेटी शिकणाऱ्या बाईंनी मोबाइलवर तपासून पण बघितलं.

विवाल्डी ठीक. फोर सीझन्स, चार ऋतूंवरच्या त्याच्या रचना, १७२५ मध्ये छापले तेव्हा सोबत कविता होत्या आणि 'वसंत'च्या मधल्या संथ भागात व्हायोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) म्हणजे भुंकणारं कुत्रं, हे कळल्यावर लिफ्टमधलं ते म्युझिक आता मला नीट ऐकूच येत नाही, सारखं कुत्रं शोधते. व्हेनिसच्या अनाथ मुलींच्या संस्थेत तो शिकवायचा आणि त्या मुली जाळीआडून वाजवायच्या, ह्यावर अजून ऐकायला आवडलं असतं.

पण पाचव्या रविवारी बाख, हँडेल आणि स्कार्लात्ती तिघं एका दिवसात. का, तर तिघं १६८५ चे. अहो जन्मसाल एक असलं म्हणून एका पिशवीत कोंबायचं का! फ्यूगला वीस मिनिटं मिळाली. एक आवाज विषय मांडतो, दुसरा तोच वरून उचलतो, मग तिसरा, इथवर कळलं, पुढे सगळं डोक्यावरून गेलं. ज्या बाखने १७२२ मध्ये चोवीसच्या चोवीस मेजर-मायनर स्केलमध्ये एकेक प्रिल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, आणि फ्यूग लिहून ठेवला त्याला निदान एक अख्खा रविवार द्या.

सहाव्या रविवारी जाहिरातीप्रमाणे लाइव्ह चेलो आणि गाणं होणार होतं. कलाकार आले नाहीत, शनिवारी रात्री अकराला ग्रुपवर मेसेज, आणि त्याऐवजी प्रोजेक्टरवर हँडेलच्या मसायाचा, म्हणजे त्याच्या बायबलवरच्या गायनरचनेचा, व्हिडिओ. कोरस ऐन रंगात आला आणि मधे चपलांची जाहिरात लागली. पैसे थोडे तरी परत मिळतील का विचारलं तर म्हणे कंटेंट तर पूर्ण झालाय.

बाकी किरकोळ. पार्किंग नाही, रिक्षाने जा. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाठदुखीवाल्यांनी उशी न्या. चहा चांगला, बिस्किटं मोजून. नोट्स झेरॉक्सवर पुसट, इटालियन नावं तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली. सरांना पाच पैकी पाच, आयोजकांना दीड.

काकांचे स्पीकर अजून त्याच हॉलमध्ये आहेत, दोन जिने खाली कोण उतरवणार म्हणून राहिलेत. नव्या बॅचच्या जाहिरातीत तिसऱ्या ओळीत लिहिलंय, 'उत्तम साउंड सिस्टीम'. फी चार हजार झालीये.