पाण्यात सोडायचा माइक: लिकेज सापडलं, पण डोकं फिरलं

ऑनलाइन हायड्रोफोनची जोडी मागवली, म्हणजे पाण्यात सोडायचे माइक, साडेपाच हजाराला पडली. कशाला, तर हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमधून आमच्या केळीला पाइपलाइन आहे, चारशे फूट पाइप तळाला पडलेला, आणि एप्रिलपासून मळ्यात धार अर्धीच. पाण्यातच पाणी फुटतंय म्हटल्यावर वर बुडबुडापण येत नाही, शोधायचं कसं. काका म्हणे, हे कायले आणलं रे भो, पोरं डुबक्या मारतील ना. मारल्या, गाळ चाचपडून वर आले.

पाण्यात डोकं घातलं की फुटक्या पाइपची सुरसुर ऐकू येते पण सगळीकडूनच, कारण पाण्यात आवाज सेकंदाला १५०० मीटरच्या आसपास पळतो, हवेच्या चौपटीहून जास्त, दोन कानांत आवाज पोचायच्या वेळेतला एवढासा फरक मेंदूला लागतच नाही. म्हणून माइक लांब लांब पाहिजेत. दीड मीटर बांबूच्या दोन टोकांना बांधले, तरी फरक जास्तीत जास्त एक मिलिसेकंद. आणि मोबाइलचा जॅक माइक एकच घेतो, स्टिरिओ रेकॉर्डर लागतो, हे विकणाऱ्याने कुठेच लिहिलेलं नाही, माझा आख्खा रविवार त्यात गेला.

खरी कटकट उथळ पाण्याची. जेमतेम दोन मीटर खोली, आवाज वर पाण्याच्या पृष्ठभागाला आपटून येतो, खाली तळाला आपटून येतो, त्या फरकावरून लिकेजचा कोन काढायला लॅपटॉपवर दोन रेकॉर्डिंग सरकवून जुळवायला गेलो तर एकाऐवजी चार जागी जुळतंय. मग कोन काढायचा नादच सोडला. नाव बांधून ठेवायची, बांबू पाण्यात आडवा धरून हळूहळू फिरवायचा, हेडफोनमध्ये सुरसुर डोक्याच्या मधोमध आली की थांबायचं. तेव्हा आपटून आलेले आवाजपण दोन्ही माइकला सोबतच पोचतात, म्हणून ते नडत नाहीत. लिकेज बांबूच्या काटकोनात, पण पुढे का मागे ते कळत नाही, म्हणून नाव सरकवून दुसऱ्या जागेवरून परत तेच. दोन रेघा कापतात तिथे डुबकी.

आजूबाजूच्या मोटारींच्या घरघरीची भीती होती, पण एवढ्या कमी पाण्यात, तळ टणक धरला तरी, साधारण १८५ हर्ट्झच्या खालचा आवाज लांब जातच नाही, उरलंसुरलं रेकॉर्डरच्या लो-कट, म्हणजे खालच्या पट्टीतले आवाज कापायच्या, बटणाने गेलं. सुरसुर वरच्या पट्टीतली, ती राहते. तिसऱ्या फेरीला पोराच्या हाताला सैल जॉइंट लागला, आमच्या खुणेपासून दोन हात लांब. काका गप.

आता तक्रार. जोडीतला एक माइक दुसऱ्यापेक्षा मोठा वाजतो, त्यामुळे मधोमध म्हणजे नक्की कुठे तेच फसतं, आधी दोघं एकत्र बांधून आवाज सारखा करून घ्या. आणि केबल तीनच मीटर. चौथ्या दिवशी एकाच्या बुडाशी पाणी शिरलं, कळवलं तर उत्तर आलं, जास्त वेळ पाण्यात ठेवू नका. पाण्यातला माइक! एम-सील लावून चालवतोय सध्या. पाचपैकी तीन स्टार.