विजेने घट्ट होणारा द्रव घ्यावा की चुंबकाने?

बटण दाबताच घट्ट होणारा आणि सोडताच पुन्हा पातळ होणारा द्रव वापरून डॅम्पर (हादरे शोषणारा भाग), क्लच किंवा झडप बनवायची म्हटली की दोन नावं समोर येतात. विद्युत क्षेत्राला प्रतिसाद देणारा इलेक्ट्रोऱ्हिऑलॉजिकल, म्हणजे ईआर द्रव. आणि चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देणारा मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल, म्हणजे एमआर. दोघं जवळपास एकाच वयाचे. ईआरचं अमेरिकी संशोधक विलिस विन्स्लो यांचं पेटंट १९४७ चं, तर त्यांच्याच देशातले संशोधक जेकब राबिनोव यांनी एमआरवर काम सुरू केलं ते १९४८ च्या सुमारास.

आतली करामतही सारखीच. तेलात बारीक कण तरंगत असतात. क्षेत्र लागू झालं की ते एकमेकांना चिकटून साखळ्या धरतात आणि काही मिलिसेकंदांत प्रवाह अडतो. ईआरमध्ये हे कण सिलिका, स्टार्च किंवा पॉलिमरचे असतात, एमआरमध्ये काही मायक्रॉनचे लोखंडाचे.

खरा फरक ताकदीत आहे. घट्ट झालेला द्रव घसरायला लागण्याआधी किती ताण सोसतो? नेहमीचा ईआर साधारण २ ते ५ किलोपास्कल (ताण मोजायचं एकक), एमआर ५० ते १००. आकडा किमान दहापट दिसतो, पण डिझाइनमध्ये तो त्याहून जास्त बोचतो. तेवढंच काम करून घ्यायला लागणारा द्रव या ताणाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे बाकी सगळं सारखं धरलं, तर दहापट कमजोर द्रव शंभरपट जास्त लागतो. मोटारीच्या सस्पेन्शनमध्ये एमआर का पोचला, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये एमआर डॅम्पर आले, पुढे फेरारी आणि ऑडीनेही ते वापरले.

आता वीजपुरवठा. ईआरला दोन इलेक्ट्रोडमधल्या दर मिलिमीटर अंतरामागे काही हजार व्होल्ट लागतात, करंट मात्र अगदी थोडा. एमआरसाठी चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या कॉइलचं काम १२ व्होल्टच्या बॅटरीवर, एक-दोन अँपिअरमध्ये भागतं. हजारो व्होल्ट असलेल्या यंत्रात इन्सुलेशन, ठिणगी आणि माणसाची सुरक्षितता हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. त्यातून ईआर ओलावा आणि अशुद्धी फारशी सहन करत नाही. जुन्या प्रकारांना तर काम करायलाच थोडं पाणी लागायचं, त्यामुळे तापमान वाढलं की ते बिघडत. एमआर उणे ४० पासून सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो.

इतकं वाचून ईआर बाद झाला असं वाटेल. तसं नाही. एमआरला कॉइल आणि लोखंडी गाभा लागतो, म्हणजे वजन आणि जागा दोन्ही आली. शिवाय कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो, त्यामुळे द्रव चपळ असूनही यंत्र मंदावतं. ईआरला दोन पातळ इलेक्ट्रोड पुरतात. बोटाला स्पर्श जाणवून देणारी पातळ पट्टी किंवा छोट्या छोट्या झडपांची रांग हवी असेल, तर मी ईआरच घेईन. लोखंडाचे कण जड, ते तळाशी बसतात आणि सील घासतात, हा एमआरचा कायमचा त्रास. कण ईआरमध्येही बसतात, पण इतके नाही.

२००३ मध्ये हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाने युरियाचा लेप दिलेले नॅनोकण वापरून १०० किलोपास्कलच्या वर जाणारा ईआर दाखवला. कागदावर तो एमआरच्या तोडीचा आहे. पण हजारो व्होल्ट त्यालाही लागतातच, म्हणून नुसत्या ताकदीच्या आकड्यावर भाळून तो निवडू नका.

फेरोफ्लुइड आणि एमआर यांची मात्र गल्लत नको. चुंबकाजवळ काटे उभे करणारा तो काळा द्रव दिसायला झकास, पण त्याचे कण साधारण १० नॅनोमीटरचे असतात आणि तो असा घट्ट होत नाही. डॅम्परमध्ये तो भरून घट्टपणाची वाट पाहत बसाल.