बार्लीचा चोथा माशांना: आठ महिन्यांचा हिशेब, पाण्यासकट

परवाच्या चोथ्याच्या गाडीच्या तळाला बोटभर पाणी साचलेलं होतं आणि तेही काट्यावर मोजलेलं. पुरवठादाराचं उत्तर, "ओला माल असाच असतो." म्हणून आता लिहितोच.

बिअर कारखान्याच्या 100 किलो ताज्या चोथ्यात 75 ते 80 किलो पाणी असतं. समजा 5 रुपये किलोने घेतला, तर कोरडा किलो साडेबावीसला पडला. वर वाळूजच्या कारखान्यापासूनचं भाडं, तेही बहुतांश पाण्याचंच. एप्रिल-मेमध्ये टँकर लावणाऱ्या मुलखात आपण हे पाणी गाडीत घालून आणतो! दर ऐकला की आधी साडेचारने गुणा, मग सरकी पेंडीशी तुलना करा.

मासे झिंगतील का, असं विचारतात. नाही. बिअर आंबायच्या आधीच हा चोथा गाळून काढतात. साखर तिकडे गेली, आपल्याकडे आलं टरफल आणि प्रथिन (कोरड्या वजनावर 20-25 टक्के). आंबवायचं ते आपणच, कारण उन्हाळ्यात उघडा चोथा दुसऱ्या दिवशी वास मारतो.

गाडी आली त्याच दिवशी गोणपाटात भरून, वर दगड ठेवून रात्रभर निथळू द्या. मग 100 किलोला 2 किलो गूळ कोमट पाण्यात विरघळवून आणि लिटरभर ताक मिसळा. 200 लिटरच्या ड्रममध्ये दाबून-दाबून भरा, हवा राहिली की बुरशी आलीच. झाकणातून नळी काढून पाण्याच्या बाटलीत बुडवा, नाहीतर गॅसने झाकण फुगतं. सावलीत मे महिन्यात 3-4 दिवस, डिसेंबरात आठवडा. आंबिलीसारखा वास आणि पीएच पट्टीवर 4 ते 4.5 आला की तयार. हिरवी-काळी बुरशी दिसली तर अख्खा ड्रम खड्ड्यात. "म्हशीला घालू" म्हणू नका, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) दुधात उतरतं.

नुसत्या चोथ्यावर मासा वाढत नाही, लायसिन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) कमी पडतं. निथळलेल्या 100 किलोला 12 किलो सोयाबीन डीओसी (तेल काढलेली पेंड, लातूरकडे सहज मिळते) आणि 6 किलो मका भरडा घातला की कोरड्यावर साधारण 28 टक्के प्रथिन बसतं.

पहिले तीन महिने माझं मत होतं की हा चोथा बिनकामाचा, मासे हडकुळेच. ते मत आता मागे घेतो. चूक काट्याची होती. 250 किलो माशांना वजनाच्या 2 टक्क्यांनी रोज 5 किलो खाद्य लागतं, पण ते कोरडं. हे मिश्रण ओलं मोजलं तर 15 किलो होतं. ओलं 5 किलो घालत राहिलो म्हणजे तिसरा हिस्साच दिला. पुन्हा तेच पाणी!

फेकून घालू नका. भोकं पाडलेली पोती टांगा, पण शेततळ्यात बांबू रोवू नका, तळाचा प्लास्टिक कागद फाटतो. काठापासून काठाला दोरी ताणून पोतं फूटभर पाण्याखाली सोडा. दोन-तीन तासांत रिकामं झालं नाही तर दुसऱ्या दिवशी कमी करा. रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) पोत्याशी येतात, कटला फारसा येत नाही. दाट सोडलेल्या तिलापिया माशांना हे पुरत नाही, तिथे गोळी खाद्यच हवं.

टरफल मात्र पचत नाही. कागदाच्या तळ्यात माती नसल्याने ते कोपऱ्यात काळं होऊन सडतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. पहाटे मासे वर तोंड काढू लागले की त्या दिवशी खाद्य बंद, मोटरने फवारा सुरू. ढगाळ दिवशीही हात आखडता ठेवा.

आता पुढची गाडी. उतरवण्याआधी किलोभर चोथा परातीत घ्यायचा, दोन दिवस उन्हात वाळवायचा. 220-250 ग्रॅम उरला तर पूर्ण पैसे, कमी उरला तर तेवढी कपात, असं पुरवठादाराला सांगितलं. दोन दिवस थांबणार नाही म्हणाला. मग पैसेही दोन दिवस थांबतील.