शिकागोतलं एक सेमिस्टर आणि हळदीचा डाग : पाच महिन्यांनंतरचा अनुभव

२१ जानेवारीला सकाळी बाबांच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. कार्डावरून २१४ डॉलर गेले. रुपयांत, बँकेनं वर लावलेलं सगळं धरून, एकोणीस हजाराच्या वर. मी तेव्हा पुण्यात गच्चीवर कपडे वाळत घालत होते. बाबा जिना चढून वर आले आणि म्हणाले, "अगं, तू तर परत आलीस ना? मग तिकडे खरेदी कोण करतंय?"

खरेदी नव्हती. भाड्यानं घेतलेल्या पुस्तकाचा दंड होता. हा अनुभव मी डिसेंबरातच लिहिणार होते, आणि तेव्हा लिहिला असता तर सगळा गोडगोड झाला असता. आता तसा होणार नाही.

एक्स्चेंज विद्यार्थ्यांचा जे-१ व्हिसा, त्यासाठीचा डीएस-२०१९ फॉर्म, परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे (सेव्हिस) २२० डॉलर, व्हिसाचे १८५ (२०२४ मधले आकडे), त्या सगळ्यात शिरत नाही. एक्स्चेंज म्हणजे फी आपल्याच कॉलेजची भरायची, तिकडची माफ. घरी सांगताना मीही "फुकट आहे हो जवळजवळ" असंच सांगितलं होतं. राहणं, खाणं, विमा आणि पुस्तकं आपल्या खिशातून, हे वाक्य मी जरा हळू आवाजात म्हटलं होतं.

मी कायद्याच्या पाच वर्षांच्या कोर्सच्या चौथ्या वर्षाला. ऑगस्ट २०२४ मध्ये गेले, शिकागोला. तिकडे कायदा हा पदवीनंतर तीन वर्षं शिकायचा विषय, त्यामुळे वर्गात सगळे माझ्यापेक्षा मोठे. एक जण आधी सहा वर्षं शाळेत शिकवत होता, एकीला दोन मुलं. मी एकवीस वर्षांची, आईनं दिलेलं मेतकूट घेऊन आलेली. विषय चार घेतले, पण लिहिणार आहे एव्हिडन्सबद्दलच, म्हणजे पुराव्याच्या कायद्याबद्दल, कारण पैसे त्याच्याच पुस्तकात गेले.

तर पुस्तक. केसबुक म्हणतात त्याला. १८७० मध्ये हार्वर्डला लँगडेल नावाचे डीन आले आणि त्यांनी ही तऱ्हा सुरू केली: कायदा सरळ सांगायचा नाही, निकाल वाचायला द्यायचे आणि वर्गात पोरांना प्रश्न विचारत सुटायचं. दीडशे वर्षं झाली, तेच चालू आहे. त्या निकालांचा जाडजूड ठोकळा नवा घेतला तर तीनशे डॉलरच्या वर, आणि त्यावर शिकागोचा तेव्हाचा सव्वादहा टक्के विक्रीकर. पुण्यात अप्पा बळवंत चौकात बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या कलमांचं पुस्तक, शंभर-दीडशेत घेऊन, वर "दहा रुपये कमी करा ना" म्हणणाऱ्या मुलीनं हे बघून काय करावं? भाड्यानं घेतलं. सेमिस्टरभराचे १२८. अटींत लिहिलं होतं की हायलायटरच्या खुणा चालतील, पाणी-बिणी सांडलेलं चालणार नाही.

नवव्या आठवड्यात कळलं की त्याच पुस्तकाच्या दोन प्रती लायब्ररीच्या काउंटरवर राखून ठेवलेल्या असतात, दोन-दोन तासांसाठी, फुकट. हे कोणी आधी सांगत नाही. सांगितलं असेल तर ते ओरिएंटेशनच्या पिझ्झाच्या वेळी, आणि तेव्हा मी रांगेत होते. पिझ्झावरून आठवलं, तिकडच्या लॉ स्कूलमध्ये दुपारी कुठलं ना कुठलं व्याख्यान असतं आणि तिथे जेवण मोफत असतं. दिवाळखोरीच्या कायद्यात मला अजिबात रस नाही, पण चार व्याख्यानं ऐकली. शेवटच्याला डाळ-भात होता, इथिओपियन पद्धतीचा काहीतरी. नाही, भात नव्हता, आंबोळीसारखं होतं. असो.

पहिले दोन महिने मला एव्हिडन्सचा वर्ग अजिबात आवडला नाही. कोल्ड कॉल म्हणजे काय हे ऐकून होते, पण प्रोफेसर आसनांचा तक्ता समोर ठेवून त्यावर बोट फिरवतात आणि बोट थांबलं की आपलं आडनाव मोडत-तोडत उच्चारतात, तेव्हा पोटात जे होतं ते वेगळंच. आमच्याकडे हजेरीला "प्रेझेंट सर" म्हटलं की दिवसाचं काम झालं. इथे वीस-वीस मिनिटं एकाच माणसाची उलटतपासणी. शिवाय परीक्षा एकच, शेवटी, चार तासांची, सगळे मार्क तिथेच. ऑक्टोबरात मी मैत्रिणीला लिहिलं होतं, "पाचपैकी दोन तारे. तेही लायब्ररीतल्या हीटरसाठी."

मग शेपर्डची केस आली. १९३३ चा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल. लष्करातला एक डॉक्टर, त्याची बायको आजारी. ती नर्सला व्हिस्कीची बाटली आणायला सांगते, त्यात विष आहे का तपासा म्हणते आणि म्हणते, डॉक्टरनं मला विष दिलंय. नंतर ती जाते. हे वाक्य मृत्युपूर्व जबाब म्हणून कोर्टात चालेल का? कोर्ट म्हणालं, नाही. कारण ती बोलली तेव्हा तिनं जगण्याची आशा सोडलेली नव्हती. मरणार हे पक्कं ठाऊक असलं पाहिजे, तरच ते वाक्य ऐकीव पुराव्याच्या मनाईतून सुटतं.

आदल्या रात्री हे वाचताना मी वरण-भात खात होते. रूममेट हैदराबादची, तिनं मागून हाक मारली, वाटी कलंडली. दोन थेंब. खरं सांगायचं तर तीन. पुसले, पण वरणातल्या हळदीला पुसणं माहीत नसतं. शेपर्डबाईंच्या बाटलीवर रुपयाएवढा पिवळा गोल.

दुसऱ्या दिवशी बोट माझ्यावरच थांबलं. तथ्यं सांगितली, निकाल सांगितला. प्रोफेसरांनी विचारलं, पटतं का? मी म्हटलं, आमच्याकडे ही बाई हरली नसती. भारतात मरणाची चाहूल असण्याची अटच नाही. १८७२ च्या कायद्यात कलम ३२ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमात ते २६ झालंय, पण आशय तोच: मृत्यूच्या कारणाबद्दल किंवा त्या घटनाक्रमाबद्दल बोलली आणि गेली, बस. मग पकाला नारायण स्वामीची केस सांगितली. १९३७ मध्ये पुरी स्टेशनात रेल्वेच्या डब्यातल्या ट्रंकेत एका माणसाचं प्रेत सापडलं. निघताना तो बायकोला सांगून गेला होता की बेऱ्हामपूरला जातोय, पैसे घ्यायला बोलावलंय. जाताना त्याला मरणाची कल्पनाही नव्हती. तरी प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या आपल्या सर्वोच्च अपील कोर्टानं, ते बोलणं १९३९ मध्ये पुराव्यात घेतलं.

वर्ग गप्प. प्रोफेसर टेबलावर बसले आणि म्हणाले, पुढे सांग. मग पंचवीस मिनिटं आम्ही पोलिसांपुढच्या कबुलीजबाबावर बोललो. आमच्याकडे तो आरोपीविरुद्ध जवळजवळ वापरताच येत नाही, तिकडे मिरांडाचे हक्क (गप्प राहण्याचा, वकील मिळण्याचा) वाचून दाखवले की रस्ता बराचसा मोकळा. त्या शिक्षक मुलानं विचारलं, "म्हणजे तुमचा कायदाच पोलिसांवर विश्वास ठेवत नाही?" मी म्हटलं, कायदा इंग्रजांनी लिहिला आणि पोलीसही त्यांचेच होते, त्यांना माहीत असणार. माझ्या वाक्यावर लोक हसण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ.

तेव्हापासून मत बदललं. दोनाचे चार झाले. पुण्यात हीच कलमं मी नोट्समधून तोंडपाठ केली होती आणि ती तशी का आहेत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नोव्हेंबरात शिकागोतल्या डर्कसन इमारतीत सत्ताविसाव्या मजल्यावर सेव्हन्थ सर्किट या विभागाचं संघीय अपील कोर्ट बघायला गेले. कुणीही जाऊन बसू शकतं. वकील पहिलं वाक्य पुरं करायच्या आत न्यायाधीश प्रश्न टाकतात, मिनिटं मोजून दिलेली, संपली की खाली. पुण्यात शिवाजीनगर कोर्टात इंटर्नशिपमध्ये मी एका पुढच्या तारखेसाठी तीन तास बसले आहे, त्यामुळे मला ते जादूसारखं वाटलं.

परीक्षेत पुस्तक जवळ ठेवायला परवानगी होती. तिसऱ्या प्रश्नात मरणासन्न माणूस होताच. बाकीचे चिकटवलेल्या चिठ्ठ्या चाळत होते, मी कडेनं पिवळं दिसणारं पान एका झटक्यात उघडलं. बी प्लस. (परत आल्यावर आमच्या विद्यापीठानं सांगितलं की अमेरिकेचा पुराव्याचा कायदा हा भारताचा पुराव्याचा कायदा नव्हे, तेव्हा तो पेपर द्यावाच लागेल. खरं आहे, पण हे जाण्याआधी सांगितलं असतं तर मी तिकडे दुसरा काही विषय घेतला असता.)

१८ डिसेंबरला पुस्तक खोक्यात घालून परत पाठवलं. फोटो काढला नाही. सेमिस्टरभर पुरावा शिकलेल्या मुलीनं फोटो काढला नाही.

आता दंड. मी कंपनीला लिहिलं, काय खराब झालंय? उत्तर: द्रवानं नुकसान. फोटो पाठवा. उत्तर: तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. असे सहा मेल. डागाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. आरोप त्यांचा, सिद्ध त्यांनी करावा. शेवटी त्यांच्याच अटींतला मुद्दा पकडला: बदली किंमत वसूल केली तर पुस्तक ग्राहकाचं. मग माझं पुस्तक मला द्या. भारतात पाठवत नाही म्हणाले, तर रूममेटचा शिकागोचा पत्ता दिला. बाबा म्हणाले, "एकोणीस हजारांचं पुस्तक, निदान कपाटात तरी दिसू दे."

मागच्या आठवड्यात पोहोचलं. तिनं व्हिडिओ कॉलवर खोकं उघडलं. खालचा कोपरा फुगलेला, पानं लाटांसारखी, आणि ती म्हणते कॉफीचा वास येतोय. मी म्हटलं, शेपर्ड काढ. तिनं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. पांढरं स्वच्छ. हळदीचा मागमूस नाही.

म्हणजे दुसऱ्या कुणाच्या कॉफीचे पैसे बाबांनी भरले. माझं वरणवालं पुस्तक तपासणीत पास होऊन बहुधा नव्या सेमिस्टरला दुसऱ्याच्या टेबलावर गेलं.

आता हे पुस्तक माझं नव्हे, हे सिद्ध कसं करू? एकच खूण आहे, आणि ती मेलमध्ये लिहिली की मीच डाग पाडल्याची कबुली दिल्यासारखं होतं. आपणच दिलेली कबुली आपल्याविरुद्ध वापरता येते. तिकडे पुराव्याच्या नियमांतला नियम ८०१, इकडेही, पोलिसांपुढची कबुली सोडली तर, वेगळं काही नाही. रूममेट म्हणते, हळद म्हणू नकोस, हायलायटर म्हण. बाबा म्हणतात, खरं काय ते सरळ लिही. मेल तीन दिवस ड्राफ्टमध्ये पडून आहे. तोवर कोर्सला चार तारे, पुस्तकाला शून्य.