ट्रकचं टच एसी पॅनल: उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा काढल्यावर

आधीच सांगतो, हे पॅनल वीज तुटली की सगळं विसरतं. कौतुक करण्यासारखंही बरंच आहे, ते पुढे येईल. पण पैसे मोजायच्या आधी हे वाचा.

गाडी दहा टायर. कंपनीचा हीटर-ब्लोअर होता, एसी किट नंतर बाहेरून बसवलेलं. 2025 पासून साडेतीन टनांवरच्या नव्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. जुन्या गाडीवाल्यानं मात्र आपल्या खिशातूनच गार व्हायचं. आमचा माल म्हणजे लातूरच्या मोंढ्यातून सोयाबीन नाहीतर तूर, येताना जालन्याची सळई. मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की एसी ही चैन राहत नाही.

पॅनल बदलायचं कारण ब्लोअर. चार स्पीडपैकी पहिले तीन गेले, फक्त चौथा चालायचा. असं झालं की मोटर बदलायला धावू नका, रेझिस्टन्स (मोटरचा वेग कमी करणारी तार) जळालेला असतो. पहिले तीन स्पीड त्यातून जातात, चौथा थेट. म्हणून चौथा जिवंत राहतो. हा रेझिस्टन्स हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण ब्लोअरच्याच वाऱ्यानं तो गार राहतो. मोंढ्यातला भुसा आणि धूळ जाळीत अडकली, वारा कमी झाला, की तो तापून जातो. माझा दोनदा गेला. दुसऱ्यांदा तर नॉबमागचा कनेक्टरही वितळला. तेव्हा दुकानदार म्हणाला, "मालक, हे जुनं सोडा आता. डिजिटल टाका, रेझिस्टन्सची भानगडच नाही."

साडेसहा हजार पॅनलचे, त्यातच हीटरच्या पाण्याचा मोटरवाला वॉल्व्ह. वायरमनची मजुरी वेगळी. पॅनल 24 व्होल्टचंच आहे ना, हे मी खोक्यावर वाचून घेतलं. बाजारात कारची 12 व्होल्टची पॅनलंही ट्रकची म्हणून खपवतात.

पहिला महिना खूश होतो. स्पीडचा झटका नाही, वारा हळूहळू वाढतो. 24 अंश लावलं की 24 ला कॉम्प्रेसर कट. आणि मोटरवाल्या वॉल्व्हमुळे एक जुनं दुखणं गेलं. माझ्या हीटरचा कॉक पूर्ण बंद होत नव्हता. इंजिनचं गरम पाणी थोडं थोडं हीटरच्या कॉईलमध्ये फिरायचं आणि एसीचा गारवा तिथंच मरायचा. दर उन्हाळ्यात गॅसवाला "गॅस कमी झालाय" म्हणून भरून द्यायचा आणि पैसे घ्यायचा. अहो, एसीचा गॅस डिझेलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठंतरी लीक आहे, आणि लीक नसेल तर दोष दुसरीकडे आहे. गॅस भरण्याआधी हीटरचे दोन्ही होज हाताला लावून बघा. कॉक बंद असताना दोन्ही तापलेले असतील तर गॅसवाल्याला घरी पाठवा.

आता विसरण्याचं. मोंढ्यात रांग, वजनकाट्यावर रांग, मिलच्या गेटवर रांग. डिझेल वाचवायचं म्हणून प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद-चालू. आणि प्रत्येक वेळी पॅनल उठतं ते एसी बंद, वारा एकवर, हवा पायाकडं. मग घामट बोटानं सात-आठ वेळा टकटक. दुपारच्या उन्हात पडद्यावर आकडा दिसत नाही तो नाहीच. ड्रायव्हर रोज तेच ऐकवायचा, "मालक, पुन्हा इसरलं की हो हे."

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, मेमरी आहे, तुमच्या वायरमननं एक वायर चुकवली. वायरमन म्हणाला, पॅनलच डुप्लिकेट. दोघांची गाठ घालून द्यायला माझी एक दुपार गेली. निघालं ते असं: मेमरीसाठी एक वायर थेट बॅटरीवर हवी आणि वायरमननं दोन्ही वायरी चावीवर दिल्या होत्या. थेट वायर ओढली, वेगळा फ्यूज टाकला, आणि पॅनलला आठवू लागलं. मला वाटलं मिटलं.

मिटलं कशाचं! रात्री गाडी उभी केली की आम्ही बॅटरीचा कटआउट, म्हणजे मेन स्विच, बंद करतो. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, एक बसली तरी गाडी उभी. शिवाय वायरिंगला आग लागायची भीती. कटआउट बंद की पॅनल पुन्हा कोरं. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "मग कटआउट बंद करू नका." साडेसहा हजाराच्या पॅनलसाठी बॅटऱ्या पणाला लावायच्या! त्या दिवशी फोनवर मी जे बोललो ते इथं लिहिता येत नाही.

पावसाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात तर राग अनावर झाला. काच आतून धुरकट झाली होती. अशा वेळी हवा काचेवर, एसी चालू आणि थोडं गरम, असं एकत्र लागतं. एसीची कॉईल हवेतली ओल काढते, म्हणून काच पटकन साफ होते. जुन्या डॅशबोर्डवर हे रस्त्यावरची नजर न काढता व्हायचं, नुसतं चाचपून. पॅनलवर बघून दाबावं लागतं, आणि घाटात बघायला वेळ कुणाला आहे?

इथवरचं मी सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं, एक तारा देणार होतो. पुढचं नंतरचं.

दिवाळीआधी ब्लोअर पॅनलवरून काढला आणि जुन्या जागी साधा नॉब बसवला. मागे रेझिस्टन्स नाही, 24 व्होल्टचा 20 अँपियरचा पीडब्ल्यूएम रेग्युलेटर, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणारा. वारा पॅनलसारखाच हळूहळू वाढतो आणि खर्च हजाराच्या आत. रेग्युलेटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा हवेच्या वाटेतच ठेवला, तोही तापतोच. अगदी हळू वाऱ्यावर मोटर बारीक गुणगुणते, तेवढं चालतं. नॉब जिथं ठेवला तिथंच राहतो, कटआउट बंद करा नाहीतर बॅटरी काढून घरी न्या.

एक गोष्ट वायरमनकडून उभं राहून करून घ्या. कॉम्प्रेसरच्या क्लचच्या रिलेला सप्लाय ब्लोअर चालू असेल तरच मिळाला पाहिजे. माझ्याकडं त्यानं आधी वेगळा दिला होता. वारा बंद, कॉम्प्रेसर चालू, आणि कॉईलवर बर्फ. मग वारा सुरू केला तरी बाहेर काही येईना.

पॅनल आता फक्त तापमान बघतं, आणि गंमत म्हणजे तिथं ते आवडायला लागलंय. डिसेंबरात परभणीकडं पहाटे पारा एक आकडी होतो. पूर्वी हीटरची केबल ओढली की एकतर भट्टी नाहीतर काहीच नाही. आता वॉल्व्ह स्वतःच उघडझाप करतो आणि केबिन एकसारखी ऊबदार राहते. कटआउट बंद केल्यावर विसरून ते 24 वर येतं, आणि हिवाळ्यात आम्हाला 24 च लागतं. क्लीनर तर पॅनलच्या बाजूनं भांडतो.

तीन तारे देतो. त्यातले दोन वॉल्व्हचे. नुसता वॉल्व्ह आणि नॉबवाला रेग्युलेटर मिळत असेल तर तेवढंच घ्या, निम्म्याहून कमी पैशात काम होतं. परवा दुकानदाराचा फोन आला होता. नव्या मॉडेलला आतच मेमरी आहे, जुनं द्या, वर चार हजार द्या म्हणतो. मी म्हटलं, आधी कटआउट बंद करून रात्रभर ठेवून दाखव, सकाळी बघायला मी येतो. अजून त्याचा उलटा फोन नाही.