डिचोलीत गृहकर्ज घेताना: एक गृहवित्त कंपनी आणि एक बँक

गृहकर्जासाठी आम्ही दोन ठिकाणी गेलो. एक म्हापशातली गृहवित्त कंपनी, दुसरी डिचोलीतली राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा. कर्ज बँकेकडून घेतलं. नावं दोन्हींची देत नाही, कारण अधिकारी बदलला की शाखाही बदलते. पण ज्या घरात एकाचा पगार आणि दुसऱ्याचा धंदा आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहिते.

मी औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर आहे, पगार हातात 34 हजार. यजमानांची मयेत गणपतीच्या मूर्ती घडवायची चित्रशाळा आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. घरही मयेतच, पण त्याच्या जमिनीचा कागद आमच्या नावावर नाही. मयेचा प्रश्न गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे: मुक्तीनंतर ही जमीन निर्वासित मालमत्ता (देश सोडून गेलेल्या मालकाची) म्हणून सरकारी राखणदाराकडे, म्हणजे कस्टोडियनकडे गेली, 2014 मध्ये कायदा झाला, काहींना सनदा (मालकीचे सरकारी कागद) मिळाल्या, काही अजून वाट पाहत आहेत. सनद हातात नसेल तर त्या घराच्या दुरुस्तीलाही कुणी कर्ज देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं घर बँकेच्या लेखी नसल्यासारखंच. म्हणून डिचोलीत फ्लॅट घ्यायचं ठरलं. जुना, दुसऱ्या मजल्यावरचा, किंमत 36 लाख.

कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, "मॅडम, दहा टक्के भरा, बाकी आम्ही बघतो." दहा टक्के म्हणजे 3 लाख 60 हजार. तेवढे आमच्याकडे होते आणि वर थोडे होते. हाच आकडा मला या सगळ्या व्यवहारात सर्वात घातक वाटतो, कारण त्यावर विसंबून माणूस विकणाऱ्याला बयाणा देऊन बसतो.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे. कर्ज 30 लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्के, त्यावर 75. बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना प्रमाण तेच. 2015 च्या ऑक्टोबरपर्यंत 90 टक्क्यांची सवलत 20 लाखांपर्यंतच्या कर्जालाच होती, ती तेव्हा 30 वर नेली. आमच्यासारख्यांना त्याचा फायदा झाला हे खरं. पण 36 लाखांचे 90 टक्के काढा: 32 लाख 40 हजार. ते 30 च्या वर गेलं, म्हणजे 80 टक्क्यांचा नियम लागला, म्हणजे 28 लाख 80 हजार. मग जास्तीत जास्त 30 लाखांवरच थांबावं लागतं. साधारण 33 लाख 33 हजारांपासून साडेसदतीस लाखांपर्यंत कुठलंही घर घ्या, कर्ज 30 लाखांच्या पुढे सरकत नाही, वरची रक्कम सगळी घेणाऱ्याच्या पदरची. डिचोली-साखळीकडचे दोन खोल्यांचे फ्लॅट आम्ही पाहिले, त्यांतले बरेचसे नेमके याच पट्ट्यात होते.

पुढे व्हॅल्युअर, म्हणजे कर्जासाठी घराची किंमत ठरवणारा माणूस, येतो. कर्ज ठरतं ते करारातली किंमत आणि व्हॅल्युअरची किंमत यांतल्या कमी आकड्यावर. आमच्या फ्लॅटला त्याने 33 लाख लावले. त्याचे 90 टक्के म्हणजे 29 लाख 70 हजार. म्हणजे आमच्या वाट्याला 6 लाख 30 हजार. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी फी याच्या बाहेर. 2012 पासून हे खर्च घराच्या किमतीत धरता येत नाहीत, 2015 मध्ये सूट दिली ती फक्त 10 लाखांपर्यंतच्या घरांना. डिचोलीत 10 लाखांत आज काय येतं? घराची किंमत पडली तरी बँक आणि कर्जदार दोघेही बुडू नयेत म्हणून घेणाऱ्याचे काही पैसे अडकलेले असावेत, हे मला मान्य आहे. पण ही 10 लाखांची रेघ पुढे सरकायला हवी, आणि 30 लाखांचीही.

बँकेतल्या ऑफिसर मॅडमनी पहिल्याच भेटीत कोरा कागद घेतला. फ्लॅटची किंमत, व्हॅल्युएशन कमी येईल असं धरून कर्ज, स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी, वकिलाची सर्च फी (मालकीचे जुने कागद तपासण्याची), व्हॅल्युअरची फी, प्रोसेसिंग फी, सोसायटीचं हस्तांतरण, सगळं एकाखाली एक लिहिलं आणि खाली आकडा गोल केला. "साडेआठ ते नऊ लाख हातात असतील तरच बयाणा द्या," म्हणाल्या. आम्ही बयाणा दिला नाही. माझे दागिने आणि यजमानांची एक ठेव यांचा हिशेब जुळल्यावर मगच दिला. गृहकर्जाच्या सेवेला गुण द्यायचे तर मी आधी याचे देईन.

आता दुसरी गोष्ट, जिचा मला आजही राग आहे.

वीस वर्षं आणि 8 टक्के धरले तर लाखाला महिन्याचा हप्ता साधारण 836 रुपये पडतो. कंपनीने पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता धरला: 17 हजार, म्हणजे वीस लाखांच्या आसपास कर्ज. यजमानांचं उत्पन्न? ते धरता येत नाही म्हणाले. त्यांच्या पद्धतीत महिन्याच्या पाच, पंधरा आणि पंचवीस तारखेची खात्यावरची शिल्लक बघतात. गणपतीच्या चित्रशाळेची शिल्लक फाल्गुनात काय असणार? माती, रंग, दोन मदतनीसांची मजुरी, सगळा पैसा चवथीच्या आधी जातो आणि चवथीला परत येतो. वर्षाचा धंदा बघायचा सोडून तारखा बघितल्या. शिवाय त्यांनी आयुष्यात कधी कर्ज काढलं नव्हतं, तर सिबिल स्कोअरच (आधीच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण) नाही, हाही दोष धरला. कर्ज न काढणं हा दोष कसा? रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवलेला नाही, आणि पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, हे केंद्र सरकारने 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेत सांगितलं आहे.

एवढं करून सह-कर्जदार म्हणून त्यांची सही मात्र हवी होती. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर. त्यामुळे दोघांची सही लागणारच, ते योग्यच आहे. पण कर्ज फेडायला जो माणूस चालतो, त्याची कमाई मोजायला का चालत नाही? हे मी तिथे विचारलं. उत्तर आलं, "सिस्टीम घेत नाही."

बँकेत मॅडमनी यजमानांना विचारलं, "बाब, मूर्तींची नोंदवही आहे ना तुमच्याकडे?" आहे, सासऱ्यांच्या हातची जुनी वहीसुद्धा आहे. कोणाच्या घरची मूर्ती, किती उंचीची, कितीला, आगाऊ किती. गोव्यात घरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच चित्रशाळेतून मूर्ती नेतात, त्यामुळे पानापानावर तीच आडनावं. मॅडमनी वही, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि चवथीच्या महिन्यातल्या बँकेतल्या जमा यांचा मेळ घातला आणि वर्षाचं उत्पन्न बारांनी भागून फाईलला लावलं. चित्रशाळा बघायलाही आल्या, शाडूच्या चिखलातून चपला हातात घेऊन. कर्ज 29 लाख 70 हजार मंजूर झालं. नियम दोन्हीकडे सारखेच होते, कागदही तेच होते. एकीकडे ते वाचले गेले.

वेळ मात्र लागला. चवथीनंतर फाईल दिली, चेक मिळाला तो तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. यात सगळा दोष बँकेचा नाही. विकणारे काका एकटे सही करायला तयार होते. बँकेच्या वकिलांनी अडवलं: त्यांच्या पत्नीची सही हवीच. काकी मुलाकडे दुबईला. मग तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून मुखत्यारपत्र साक्षांकित करून येईपर्यंत थांबलो. तेव्हा चरफडले, पण उद्या त्या काकी अर्ध्या हिश्शाच्या मालकीण म्हणून उभ्या राहिल्या असत्या तर आमचं काय झालं असतं, हे वकिलांनी नीट समजावलं.

बँकेच्या उणिवा सांगते. 2024 च्या 1 ऑक्टोबरपासून प्रत्येक किरकोळ कर्जाला मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं. त्यात व्याज आणि बाकी शुल्कं मिळून वर्षाचा खरा दर किती हे असतं, विमा किंवा वकिलाची फी बँक गोळा करत असेल तर तीही त्यात धरलेली असते. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं असा नियम आहे. आम्हाला ते इंग्रजीत मिळालं. मराठी किंवा कोकणीत मागितलं तर मॅडमनी तोंडी समजावलं, मनापासून समजावलं, पण कागद इंग्रजीच राहिला. मी वाचू शकते, सासूबाई नाही वाचू शकत, आणि हमीदार म्हणून सही त्यांची आहे. डिचोलीतल्या शाखेत मराठी पत्रक नसावं हे चुकीचं आहे, आणि मी तसं लेखी दिलं आहे.

दुसरं, एका काउंटरवर कर्जाचा विमा घेतलाच पाहिजे असं सांगितलं, हप्ता एकरकमी, कर्जातच मिळवायचा. असा विमा कायद्याने सक्तीचा नाही. मी मॅडमना विचारल्यावर तो विषय संपला. यजमानांसाठी साधा मुदत विमा आम्ही वेगळा घेतला.

व्याज रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला, जोडलेलं आहे. नव्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जांचं व्याज रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडणं बँकांना 2019 च्या ऑक्टोबरपासून बंधनकारक आहे, गृहवित्त कंपन्यांना नाही, हा फरक निवड करताना लक्षात घ्या. चवथीच्या कमाईतून दरवर्षी थोडी मुद्दल आधी फेडायचा आमचा बेत आहे, आणि फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर त्यासाठी दंड लावता येत नाही.

या शाखेला पाचपैकी चार. एक गुण मराठी पत्रकासाठी राखून ठेवला आहे. ज्यांचा धंदा हंगामी आहे, मग तो काजूचा असो, मंडपाचा असो की दशावताराचा, त्यांनी जाताना तीन वर्षांची विवरणपत्रं, हिशेबाची वही आणि हंगामातल्या महिन्यांच्या बँक नोंदी वेगळ्या रंगाने खूण करून न्याव्यात. गृहकर्जाचं टेबल आत उजवीकडे आहे, दुपारच्या जेवणाआधी गेलात तर मॅडम निवांत भेटतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद.