जाहिरातीतली स्कूटर पाच स्टार, घरी आलेली साडेतीन

गणपतीच्या आधी दोन महिने फोनवर एका इलेक्ट्रिक स्कूटरची जाहिरात यायला लागली. गाडी दिसतच नाही बरं का, नुसता पाऊस, चिऱ्याचं घर, पडवीत वाट बघत बसलेले आजोबा आणि लांबून येणारा हेडलाईट, खाली लिहिलंय 'लवकरच'. आता हा शब्द कोकणातल्या माणसाला ऐकवू नये, मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून लवकरच होतंय. पण आईने ती जाहिरात तीनदा लावून बघितली आणि म्हणाली तुझे आजोबा पण असेच बसायचे रे तुझी एसटी यायची असली की. झालं, ४९९ भरून बुकिंग केलं, रेंज किती म्हणजे एका चार्जमधे किती किलोमीटर जाते, बॅटरी कसली काही न बघता.

पुढचे दिवस मात्र मजेचे गेले. ॲपवर काउंटडाऊन, चहा पिता पिता रोज रंग बदलून बघायचो. शेजारचे काका म्हणाले २००९ला नॅनोचं पण असंच झालेलं, दोन लाखावर बुकिंग आलं आणि पहिल्या एक लाख गाड्या कुणाला ते सोडत काढून ठरवलं. मी हसण्यावारी नेलं.

डिलिव्हरी गणपतीआधी सांगितलेली, मिळाली अनंत चतुर्दशी उलटून अकरा दिवसांनी, तोपर्यंत शोरूमवाल्याचं एकच, सर सिस्टीममधे दाखवतंय.

गाडी वाईट नाही. आवाज नाही, पायाशी सपाट जागा भरपूर, नारळाची पिशवी आरामात बसते. पण १२० सांगितलेली रेंज मला ८५च्या वर कधी मिळाली नाही, रत्नागिरीहून पावसला येताना भाट्याचा पूल संपून चढ लागला आणि मागे आई असली की टक्के डोळ्यांदेखत उतरतात. कंपनीची रेंज टेस्टच्या ठरलेल्या कंडिशनमधे मोजतात, रस्त्यावर कमीच मिळणार हे मला माहिती होतं हो, पण तो हेडलाईट बघताना कुठे आठवतंय! बॅटरी आयपी६७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास काही होत नाही, छान, पण नंबरप्लेटचे स्क्रू महिन्यात गंजले, खारा वारा त्यांनी धरलेला दिसत नाही.

आणि खरं सांगू, चावी हातात आली तेव्हा बुकिंगच्या रात्रीएवढा आनंद झालाच नाही.

परवा त्यांचीच नवीन जाहिरात आली, आंब्याची बाग आणि परत 'लवकरच'. आईने फोन मागितला, आणि चष्मा पण.